चौथ्या तुकड्यातला व्हायोला

ओळखीपाळखीत त्यांना सगळे कानसेन म्हणतात. तानसेन व्हायचं जमलं नाही म्हणून कानसेन झाले, असं त्यांची बायको सांगते. बायकोने नवऱ्याबद्दल सांगितलेली गोष्ट सहसा खरीच असते, फक्त जरा फोडणी दिलेली.

कानसेन एका दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत सिनेमांच्या पार्श्वसंगीताची परीक्षणं लिहितात. गाण्यांची नव्हे, गाण्यांवर लिहायला रांग लागते. नायिका दार उघडते तेव्हा मागे जे वाजतं आणि दारामागे कोण उभं आहे ते तिच्याआधी आपल्याला सांगून टाकतं, त्याबद्दल हे लिहितात. वाचक मोजके, पण चिवट. एकदा कानसेनांनी बासरीला सनई म्हटलं होतं, तर एक निवृत्त गृहस्थ कार्यालयात येऊन भांडून, चहा पिऊन गेले.

तरुणपणी या कामाची त्यांना भलती हौस होती. आता मात्र नवा अल्बम आला की वाढलेल्या ताटाकडे आजारी माणसाने बघावं तसे ते त्याच्याकडे बघत. जग संकटात सापडलं की ढोल सुरू होतात. जग फारच संकटात सापडलं की समूहगायक जागे होतात आणि कोणालाच न कळणाऱ्या भाषेत आक्रोश करतात. नायक एकटा पडला की पियानोची एकेक पट्टी टपटपते. हे सगळं ऐकून पुन्हा नवीन विशेषण शोधायचं. ‘थरारक’ झिजलं, ‘भव्य’ पिचलं, ‘काळजाला भिडणारं’ तर इतक्यांदा भिडलं की काळीजच बथ्थड झालं.

अशा मनःस्थितीत त्यांच्याकडे एका विज्ञान-मारधाडपटाचा दुसरा भाग आला. पहिल्या भागात यंत्रमानवांनी पृथ्वीवर चाल केली होती आणि माणसं जिंकली होती. दुसऱ्या भागात यंत्रमानव जास्त होते, पृथ्वी तेवढीच. संगीतकार मात्र तोच, वाद्यवृंद आणि इलेक्ट्रॉनिक आवाज एकाच पातेल्यात ढवळणारा. पहिल्या भागाच्या वेळी कानसेनांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. आता तो उतरायला तयार नव्हता.

ऐकायची त्यांची एक पद्धत होती. जमिनीवर चटई, डोळ्यांवर ओला रुमाल, कानांवर हेडफोन. आणि एक नियम: आधी कान, मग कागद. अल्बमसोबत जी माहिती येते, कोणी वाजवलं, कुठे ध्वनिमुद्रित झालं, ती परीक्षण लिहून पाठवेपर्यंत वाचायची नाही. “आचाऱ्याचं नाव विचारून का कोणी आमटीची चव घेतं?” असं ते ऐटीत विचारत. या नियमाचा त्यांना फार अभिमान होता, आणि माणूस ज्याचा अभिमान बाळगतो त्याच्याच पायात पाय अडकून पडतो.

तर ते रुमाल ठेवून पडले. अल्बमच्या पहिल्या तुकड्यात शहर कोसळलं. दुसऱ्यात पाठलाग: तंतुवाद्यं धापा टाकत पळताहेत आणि मागून लोखंड घासल्यासारखा इलेक्ट्रॉनिक आवाज अंतर कमी करतोय. बरं होतं. तिसऱ्यात खालून एक खोल, गोल फिरणारा घुमारा येत होता. ‘जणू ग्रहाच्या पोटातून,’ असं त्यांनी मनाशी टिपलं. इतक्यात बायकोने कपडे धुवायचं मशीन बंद केलं आणि ग्रहाचं पोट एकदम शांत झालं.

“अगं, चालू होतं होय मशीन?”

“मग काय, कपडे स्वतःहून गरगरत होते?” ती बादली घेऊन गॅलरीत निघून गेली.

चौथ्या तुकड्याच्या सुरुवातीला व्हायोला एकटाच होता. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ: आवाज जाड, अंग थोराड आणि घरच्या फोटोत कायम मागच्या रांगेत. कानसेनांच्या घरात मात्र तो पुढच्या रांगेत होता, कारण त्यांची ताई आयुष्यभर स्टुडिओच्या वाद्यवृंदात व्हायोलाच वाजवत आली. लहानपणी हे गणितं करायचे आणि पलीकडच्या खोलीत ती सूर घोटायची. कुठेही चार माणसं जमली की कानसेन छाती काढून सांगत, “पन्नास वाद्यांत वाजवू दे, तारांवर फिरणारा ताईचा गज मी झोपेत ओळखेन.” ताई शेजारी असली की म्हणे, “पुरे रे,” पण तिला ते आवडे. मागच्या रांगेतल्या माणसाला कोणीतरी ओळखतंय, एवढं पुरतं.

चौथ्यातला हा आवाज मात्र त्यांना साफ यंत्राचा वाटला. नंतर सातव्या तुकड्यात, लढाई संपल्यावरच्या राखेत, आणखी एक व्हायोला आला. किंचित थकलेला, सुरात शिरताना अगदी जरासा उंबऱ्यावर थांबणारा. कानसेनांनी रुमाल काढला. ही ताई तर नसेल? पण नियम म्हणजे नियम. त्यांनी कागद पाहिला नाही, परीक्षण लिहिलं, पुरवणीबाईंना पाठवलं आणि झोपले. पुरवणीबाई म्हणजे पुरवणीच्या संपादक. त्यांना नाव आहे, पण ते फक्त पगारपत्रकावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. आवाजात इतका उत्साह, की कानसेनांना आधी वाटलं चुकीचा नंबर लागला.

“अरे, आता बोलायला हरकत नाही. अल्बम आज बाहेर आला. तो यंत्रमानवांचा दुसरा भाग, त्यात आम्हीच आहोत!”

“मग तेव्हाच सांगायचं नाही?”

“सांगणार कसं? सह्या घेतल्या होत्या ना तोंड बंद ठेवायच्या. आणि आम्हाला तरी कुठे ठाऊक? आमच्या कागदांवर खोटं नाव होतं, ‘बटाटा’. बटाटा, तुकडा चार. माझ्या शेवटच्या ध्वनिमुद्रणाला असलं नाव! पुढच्या महिन्यापासून मी घरी, खांद्याने हात टेकले. पण ऐक, चौथ्याच्या सुरुवातीला मी एकटी आहे. एकटी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तू ऐकलंस ना?”

कानसेनांनी हातातला कप बशीत ठेवला.

“ऐकलं की.”

“ओळखलंस?”

“म्हणजे काय! न ओळखायला काय झालं?”

“वाटलंच मला,” ताई म्हणाली. “शनिवारी अंक घेऊन ठेवते. तू नाव घालणार नाहीस, नातेवाइकांबद्दल लिहीत नाहीस, ठाऊक आहे मला. पण एक ओळ असेल ना, कळेल मला.”

फोन ठेवल्यावर त्यांनी आपणच पाठवलेलं परीक्षण उघडलं. एक ओळ होती. एक सोडून चांगल्या चार होत्या.

बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, “मग बदला. पान संध्याकाळी छपाईला जातं ना?”

“काय लिहू? पुन्हा ऐकलं मी आत्ता. अजूनही यंत्रच वाटतंय.”

“अहो, बहीण आहे. चांगलं लिहायला काय जातंय? माझ्या हातच्या पोळ्यांना इतकी वर्षं मऊ म्हणत आलात, तेव्हा नाही कधी जीभ अडखळली.”

ते लिहायला बसले. आणि गंमत बघा, वाक्य ताबडतोब आलं. ‘चौथ्या तुकड्यातला ओथंबलेला, आर्त व्हायोला काळजाला’ इथपर्यंत बोटं आपोआप धावली. मनात नसलेलं लिहायला त्यांना क्षणही लागला नाही. आपले हातच परके असल्यासारखे ते त्यांच्याकडे बघत राहिले. असं किती जणांबद्दल लिहिलं असेल आपण, न ऐकता? वाक्य पुसलं, पायांत चपला सरकवल्या आणि ते ताईकडे निघाले.

ताई दुसऱ्या मजल्यावर राहते. कानसेन पहिल्याच मजल्यावर दमले आणि कठड्याला धरून उभे राहिले. जिना छोटासा, पण सांगायची गोष्ट जड.

ताई खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. व्हायोलाची पेटी पलंगावर होती.

“तू? फोनवर पोट भरलं नाही वाटतं?”

“ताई, मी खोटं बोललो. मी नाही ओळखलं.”

तिने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर नेली, ज्याला काही झालेलं नव्हतं त्यावर.

“काय लिहिलंयस?”

“जाऊ दे ना.”

“वाच म्हणते ना.”

कानसेनांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. “चौथ्या तुकड्याच्या आरंभी व्हायोलासारखं जे वाजतं ते संगणकातून आलं आहे, हे सांगायला नकोच. सूर बिनचूक, ठोका बिनचूक, पण आत कोणी राहत नाही. बिऱ्हाड गेलेल्या घरात दिवा चालू राहावा तसा हा आवाज आहे.”

ताई हसायला लागली. कानसेनांना वाटलं, सुटलो. तर हसता हसता तिचे डोळे भरले आणि कानसेन पुन्हा अडकले.

“त्याने हेच मागितलं होतं,” ती म्हणाली. “कानात हेडफोनमधून ठेक्याची टिकटिक चालू, आणि संगीतकार काचेपलीकडून सांगतोय, कंप काढा, श्वास काढा, माणूस वाजवतोय असं वाटता कामा नये. या भागात माणसंच यंत्रं झालीत म्हणे. काढत गेले, काढत गेले. शेवटी तो म्हणाला, आता बरोबर. घरी आले तर जेवण गेलं नाही मला.”

“मग तू उत्तमच वाजवलंस! जे हवं होतं तेच...”

“ते मला कळतं रे. सगळ्या जगाला फसवायचं होतं मला, तेच काम होतं. तुला नव्हतं फसवायचं.”

 गप्प बसवत नाही म्हणून माणूस आणखी खड्ड्यात जातो. ते म्हणाले, “सातव्यात मात्र मला शंका आली होती हं. तिथं मी लिहिलंय, या साऱ्या गदारोळात इथे पहिल्यांदा जिवंत माणूस भेटतो. मला वाटलं, ही ताईच.”

“सातव्यात?”

“तो सुरात शिरण्याआधी थांबतो ना जरा...”

“सातव्याला आम्ही नव्हतोच,” ताई म्हणाली. “सातवा पूर्ण मशीनवर केला. आम्ही तेव्हा बाहेर डबे खात होतो.”

 खाली कोणीतरी गाडी काढताना भिंतीला घासली आणि दुसऱ्या कोणीतरी त्याचा उद्धार केला.

“कंटाळलायस तू,” ताई अखेर म्हणाली. रागाने नाही. ताप बघताना कपाळावर हात ठेवावा तशी. “किती दिवस झाले नुसतं ऐकून?”

“रोज ऐकतो की.”

“रोज मार्क देतोस.”

कानसेन उठले, खिडकीशी गेले, परत आले. “पान संध्याकाळी जातं. तू सांगशील ते लिहितो.”

“चौथ्याचं राहू दे, त्याच्या जागी ते बरोबर आहे. पण सातव्याचं काढ. यंत्राला माझ्या जागेवर बसवू नकोस.”

“नुसतं काढून नाही भागायचं,” कानसेन म्हणाले आणि तिथूनच त्यांनी पुरवणीबाईंना फोन लावला. चौथ्यात माणूस वाजवतो, सातव्यात यंत्र, आणि या परीक्षकाला दोन्ही उलटे ऐकू आले, असं साधं वाक्य त्यांनी जोडायला सांगितलं. विशेषण एकही नाही.

पुरवणीबाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. “अहो, परीक्षकाला कळलं नाही असं आपणच छापायचं? लोक काय म्हणतील? ते बासरीवाले गृहस्थ पुन्हा येतील!”

“येऊ द्या. या वेळी चहा माझ्याकडून.”

“तब्येत बरी आहे ना तुमची?”

“दमलोय. छापा तुम्ही.”

ताईने पिशवीतलं गार झालेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं. तिचा चेहरा पूर्ण निवळला होता असं नाही. चाळीशी ओलांडलेली भावंडं एका दुपारीत निवळत नाहीत, आणि ही तर साठीकडे झुकलेली.

“वाजवशील का थोडं?” कानसेनांनी विचारलं. “तुझ्या पद्धतीने. श्वासासकट.”

“आज नाही. खांदाही दुखतोय आणि तुझा रागही आलाय. दोन्ही घेऊन गज धरता येत नाही.”

“उद्या?”

“उद्या ये. लिहायला मात्र काही आणू नकोस.”

“आणि झोप लागली तर?”

“लागली तर लागली. ऐकणारे झोपतात, बंदी आहे ती परीक्षकांना.”

दुसऱ्या दिवशी कानसेन गेले. ताईने सूर जुळवायला घेतला तेव्हा खुर्चीत ताठ बसले होते, भुवया उंचावून, परीक्षेला आल्यासारखे. तिचं पहिलं आवर्तन संपायच्या आत मान छातीवर आली आणि ते चक्क घोरायला लागले. ताईने वाजवणं थांबवलं नाही. उलट, खांदा भरून येईपर्यंत वाजवत राहिली. आता हे ती येईल-जाईल त्याला सांगते, आणि घोरण्याची नक्कल तर अशी करते की कानसेनांच्या बायकोलाही खरंच वाटतं.