मधला स्पीकर

आधीच सांगून टाकतो, होम थिएटर मी लेकीसाठी घेतलं. घरात मात्र सांगितलं की माझ्यासाठी घेतलं. रिटायरमेंट जवळ आली, काहीतरी टाइमपास पाहिजे. बायकोनं मान डोलावली. खरं काय ते तिला ठाऊक असणारच, पण तिनं ते माझ्या तोंडावर म्हटलं नाही, एवढे उपकार.

लेक जानेवारीत अकोल्याला गेली. कपाशीच्या बियाण्यांच्या लॅबमध्ये नोकरी लागली तिला. इथं अमरावतीत मी ओळखीपाळखीतून एका ऑफिसात तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, घरून दहा मिनिटांवर, अन् ही म्हणे मले अकोल्यालेच जायचं. दोन तासांचा रस्ता. काही सातासमुद्रापार नाही. पण मी असा भडकलो की विचारू नका. बोलू नये ते बोललो. "जा, मंग इकडं ढुंकून पाहू नको," इथपर्यंत गेलो. ती बॅग घेऊन जिना उतरली तेव्हा मी गॅलरीत रस्त्याकडे पाठ करून कुंडीतली वाळकी पानं खुडत होतो. त्या कुंडीकडे पाहिलं की अजून मला माझाच राग येतो.

त्यानंतर ती रोज आईला फोन करायची अन् शेवटी मला द्यायला सांगायची. आमचं बोलणं मिनिटभरात आटपे. जेवली का, बरं, हो हो, अन् फोन परत बायकोच्या हातात.

आम्हा बापलेकीचं एकच वेड होतं, सिनेमा. ती पाच वर्षांची होती तेव्हापासून दर रविवारी आम्ही टॉकीजमध्ये. बायकोला अंधारात तीन तास बसायचा कंटाळा, ती कधी आली नाही. ती टॉकीज बंद पडली त्या दिवशी लेक म्हणाली होती, बाबा, आपण घरीच टॉकीज करू. ते माझ्या डोक्यात बसलं. घरी तसा आवाज आला, तर ही पोरगी रविवारी सकाळची एसटी धरेल. मला माफी मागता येत नाही. स्पीकर लावता येतात. म्हणून लावले.

पुढं डावा-उजवा, मागं दोन, टीव्हीखाली मधला अन् कोपऱ्यात बसचा, म्हणजे घुमणाऱ्या जाड आवाजाचा, डबा. सिनेमातली माणसं जे बोलतात ते जवळजवळ सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. गाणी, गाड्या, मारामारी बाकीचे सांभाळतात. आमच्या घरी मारामारी अशी यायची की शोकेसमधले कप हलायचे, पण माणसं बोलायला लागली की नुसती गुणगुण. तोंडात घास धरून बोलल्यासारखी. माझं टाळकं सटकलं. कारण आवाजातलं मला कळतं, हा माझा आयुष्यभराचा तोरा.

पंचवीस-तीस वर्षं मी कापडाच्या गिरण्यांत काढली, शेवटची दहा नांदगाव पेठच्या एमआयडीसीत, लूमशेडचा सुपरवायझर. शेडमध्ये शेकडो माग एकदम चालतात. नवा माणूस दारातूनच कानावर हात ठेवून मागं फिरतो. मी मात्र दारात उभा राहून सांगायचो, तिसऱ्या रांगेतला तो माग बिमार आहे, पाहा. अन् तो निघायचा. कंपनी कानात घालायचे बोळे द्यायची, रोज द्यायची, सह्या घ्यायची. माझे दोरीनं गळ्यात लोंबत असायचे. कान झाकले तर मागाची नाडी कशी पाहणार, असं मी नव्या पोरांना ऐटीत सांगायचो.

त्या शेडमध्ये आवाजानं कोणी बोलत नाही. समोरच्याच्या ओठांकडे पाहायचं, तोंड मोठं हलवायचं, झालं. वीस पावलांवरून आम्ही घरच्या गोष्टी बोलायचो. हे मी लेकीलाही लहानपणी शिकवलं होतं. लग्नाच्या पंगतीत ती पलीकडच्या रांगेत बसायची अन् आवाज न काढता मला सांगायची, बाबा, वरण खारट आहे, मठ्ठा घ्या. मग आम्ही दोघं हसत सुटायचो अन् बायको दोघांवर डोळे वटारायची.

तर असा माणूस मी. मला घरातला एक स्पीकर ताब्यात आणता येईना, म्हणजे काय.

मी हात धुऊन मागं लागलो. मधला स्पीकर खाली होता, त्याच्या पुढच्या कडेखाली लाकडाची पट्टी सारून त्याचं तोंड वर, कानाकडे केलं. डावा-उजवा सोफ्याकडे वळवले. लाल वायर लाल खुंटीलाच आहे ना, हे दहादा पाहिलं. बसच्या डब्याची जागा शोधायची एक रीत असते. डबा सोफ्यावर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं अन् आपण खोलीभर रांगायचं. जिथं ठोका भरीव अन् साफ लागेल तिथं डबा न्यायचा. मी चपलांच्या रॅकमागं दोन्ही हात-गुडघे टेकून होतो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनी भाजीची वाटी परत द्यायला आल्या. काही हरवलं का भाऊजी, म्हणाल्या. मी नाही म्हटलं अन् तसाच पुढं रांगलो.

मग फरशीवर सतरंजी आली, आवाज आपटू नये म्हणून. समोरच्या मोकळ्या भिंतीवर गोधडी आली. ती बायकोच्या रुखवतातली निघाली, त्यावरून दोन दिवस अबोला. संध्याकाळी कामावरून आलो की चहा एका हातात अन् स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या हातात. सिनेमा पंधरा मिनिटं सलग पाहिला असेन तर शपथ. मध्येच उठायचो, स्पीकर चार बोटं सरकवायचो, बसायचो, पुन्हा उठायचो. बायको म्हणायची, तुमच्या बुडाखाली काय इंगळ्या आहेत का? असाव्यात. कारण प्रत्येक रविवारी मला वाटायचं, आज नाही जमलं तर पुढच्या रविवारी तिला बोलवायचं कसं?

मे महिन्यात मला गुन्हेगार सापडला. कूलर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिडकीतला कूलर म्हणजे घरातला एक माणूसच, तो गडगडणारच. तरी स्पीकरच्या दुकानातला माणूस बोलावला. डोक्यावर टक्कल, माझ्याच वयाचा, शांत गृहस्थ. त्यानं माझ्या बसायच्या जागी छोटा माइक उभा केला, कूलर बंद करायला लावला अन् घामानं निथळत सगळे स्पीकर एकेक करून मोजले. मग म्हणाला की सिस्टीम एक नंबर आहे, आवाजासाठी खोलीही चांगली तयार केली तुम्ही. अन् वायर गुंडाळता गुंडाळता त्यानं विचारलं, बोलणं साफ ऐकू येत नाही ते कोणाला?

"कोणालेच नाही," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. कूलर पुन्हा सुरू करायला ती गेली ती बराच वेळ खिडकीपाशीच उभी राहिली.

पाऊस आला अन् गेला. कूलर गवताच्या जाळ्या काढून गच्चीवर झाकून ठेवला. आता कोणावर खापर फोडू? मी आवाजातली धार वाढवत गेलो, मधल्या स्पीकरचा आवाज चढवत गेलो. बायको म्हणे कानात सुई टोचल्यासारखं होते, अन् कापसाचे बोळे घालून स्वयंपाक करू लागली. त्यात मला एक विचित्रच गोष्ट दिसून आली होती. बातम्या सांगणारी बाई अगदी साफ. हिरॉइन साफ. जाड मिशांचा व्हिलन आला की एक अक्षर कळत नाही. अन् दक्षिणेतले डब केलेले सिनेमे, जे आम्हा बापलेकीला सगळ्यात जास्त आवडायचे, ते तर पार बरबटलेले. मी निदान केलं की आजकाल रेकॉर्डिंगच भंगार करतात. हे मी शेडमध्येही सगळ्यांना समजावून सांगितलं. माना हलल्या.

शेवटी बायकोनंच लेकीला फोन केला की तुह्या बापाचं डोकं फिरून राहिलं, एकदा येऊन जा. दसऱ्यानंतरच्या रविवारी ती आली. घरात शिरताना माझ्याकडे बघून नुसती हसली, पाहुण्याकडे पाहून हसतात तशी. पूर्वी बॅग माझ्या अंगावर फेकायची. मी स्पीकर झटकत होतो.

दुपारी जेवणं झाल्यावर मी सिनेमा लावला. मराठी, आम्ही टॉकीजमध्ये दोनदा पाहिलेला. मला तिच्या चेहऱ्यावर ते टॉकीजमधलं हरखणं पाहायचं होतं, सिनेमा नव्हता पाहायचा. दहा मिनिटं झाली. माझी चुळबुळ सुरू. मधला स्पीकर अजून थोडा वळला पाहिजे असं वाटलं. तिला म्हटलं, उठ जरा, तो डावीकडे फिरव. ती टीव्हीमागं वाकली. पडदाभर हिरॉइनच्या आईचा चेहरा, ती पोरीला निरोप देत होती, मागं सनई चालू. लेकीनं स्पीकर थोडा हलवला, अजून थोडा हलवला.

"बस, बस. हात लावू नको आता," मी म्हणालो. "आत्ता आलं बरोबर. पाहा, कसा शब्द न् शब्द साफ येऊन राहिला."

ती टीव्हीमागून सरळ झाली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लेकीच्या हातात वायर होती. लाल अन् काळी, दोन्ही टोकं मोकळी. स्पीकर हलवताना निघून आली होती. खोलीत नुसती सनई वाजत होती, अन् पडद्यावरची बाई घडाघडा बोलत होती, बिनआवाजाची.

मी आधी रागावलोच. वायर अशी कशी ओढली, काही अक्कल आहे का, सनईबरोबर थोडं बोलणंही येतं बाजूच्या स्पीकरमधून, मला आलं ऐकू. मी उठलो, वायर हिसकावून घेतली अन् टीव्हीमागं जाऊन खुंटीत घालायला लागलो. तार आत जाईना. म्हणजे इतके महिने मी बोलणं ऐकत नव्हतो, पाहत होतो. डब सिनेमात ओठ एक बोलतात अन् आवाज दुसरं, म्हणून ते बरबटलेले. मिशीवाल्याचे ओठच दिसत नाहीत. दुकानातल्या त्या माणसाला हे एका मिनिटात कळलं होतं. बायकोला कधीच कळलं होतं. नाडी पाहणारा वैद्य मी, मलाच तेवढं कळलं नाही. सगळ्यात लाज त्याची वाटली.

तार काही बसेना. मी तसाच वाकलेला, पाठ खोलीकडे. मागं लेक काहीतरी म्हणाली असणार, कारण बायको पुढं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ती तुमाले काही इचारून राहिली."

मी वळलो. लेक सोफ्याजवळ उभी होती. डोळे भरलेले. तिनं टीव्ही बंद केला, माझ्या समोर आली अन् पंगतीत बोलायची तशी, आवाज अजिबात न काढता, तोंड मोठं हलवून बोलली.

"बाबा, तुमी माह्यावर अजून रागावून आहात का?"

मग आवाजात, पण सावकाश अन् तोंड समोर धरून, तिनं सांगितलं की हेच तिनं फोनवर तीनदा विचारलं होतं. एकदा होळीला, एकदा माझ्या वाढदिवशी, एकदा पावसात, आजारी होती तेव्हा. "तिन्ही खेपेले तुमी हो हो म्हणलं, अन् फोन आईजवळ देला."

हो हो. फोनवर ओठ दिसत नाहीत. तिकडून नुसती गुणगुण यायची, अन् आपल्याला कळत नाही हे कबूल करण्यापेक्षा मी हो हो म्हणून मोकळा व्हायचो. होळीपासून माझी पोर अकोल्यात एकटी त्या हो हो वर झोपत होती, अन् मी इथं तिच्यासाठी भिंतीला गोधड्या लावत होतो.

तिनं चौथ्यांदा विचारलं, पुन्हा बिनआवाजाचं. मी नाही म्हणालो. ते तिला नीट ऐकू गेलं की नाही या भीतीनं पुन्हा नाही म्हणालो, अन् पुन्हा, नाही गं माय, नाही, शेडमध्ये ओरडतात तसं ओरडून, इतक्या जोरात की खालच्या वहिनी जिना चढून दारात येऊन उभ्या राहिल्या.