अक्काची मोजदाद

सीमेवरच्या आमच्या संतपूरची अंगणवाडी चालवणाऱ्या अक्काला पाचपर्यंत मोजता येत नव्हतं. चिंचोके मांडून ती मोठ्यानं सुरू करायची, "एक, दोन, चार..." की सगळी लेकरं तिच्या अंगावर धावून जायची, "अक्का, तीन राहिलं!" अक्का कपाळावर हात मारून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून चुकायची. मी हायस्कुलात गणित शिकवते. दारात उभं राहून हे ऐकताना माझा जीव वरखाली व्हायचा.

गाणीही तशीच. कन्नडमध्ये सुरू झालेलं गाणं मध्येच मराठीत यायचं आणि त्यातली मांजर भो-भो भुंकायची. "अक्का, निदान मुळाक्षरं तरी गिरवून घ्या," मी एकदा म्हणाले. तिनं चिंचोक्यांची पिशवी माझ्याच हातात दिली. "बाई, तुमी बरोबर मोजून दावा बघू." मी अगदी बरोबर वीस मोजले. दहा होईपर्यंत अर्धी लेकरं बाहेरच्या शेळीकडं बघत होती.

मला खरी काळजी त्याच लेकरांत बसणाऱ्या माझ्या चिमीची. घरात तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, पण चार वर्षांची झाली तरी घराबाहेर अवाक्षर काढत नव्हती. औरादच्या इंग्रजी शाळेचा फॉर्म मी आणून ठेवला होता. तिथं प्रवेशाआधी मुलांना प्रश्न विचारतात. चिमी गप्प बसली की संपलंच. सगळा दोष मी अक्काच्या माथी मारला आणि तिच्याविरुद्ध चांगला पानभर तक्रारअर्ज लिहिला.

ज्येष्ठातल्या अमावस्येला आमच्याकडं मातीचे बैल करून पुजतात. आदल्या दिवशी अर्ज पर्समध्ये घेऊन मी अंगणवाडीत गेले, तर अक्कानं आयांनाही खाली बसवून हातात मातीचे गोळे दिलेले. माझा बैल काही केल्या उभा राहीना. चिमीनं न बोलता त्याचे पाय दाबून आखूड, जाड केले आणि तो उभा राहिला. मग अक्कानं आपला बैल सगळ्यांसमोर धरला. त्याची शिंगं शेपटीच्या जागी होती.

लेकरं ओरडणार, तोच अक्कानं ओठांवर बोट ठेवलं आणि चिमीकडं बघत ती शिंगं आणखी घट्ट दाबली. चिमी लालबुंद झाली. तिला ते सहनच होईना.

"अक्का, शिंगं तिकडं नसतेत! तुला कायच येत न्हाई!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अक्का मात्र गालात हसत होती. "बाई, लेकराला बोलता येत व्हतंच की. तिला चुकणारं माणूस पायजे व्हतं. तुमच्या घरी सगळेच हुशार!" तक्रारअर्जावर ठेवूनच मी माझा ओला बैल घरी नेला. फॉर्मही तसाच पडून राहिला.

गेल्या वर्षी अक्का निवृत्त झाली. निरोपाच्या फोटोसाठी तिनं लेकरं ओळीत उभी केली. दुसरीतली चिमीही येऊन त्यांच्यात उभी राहिली. अक्का मोजू लागली, एक, दोन, तीन, चार... एकदाही न चुकता ती चोवीसपर्यंत गेली. कुणालाच ओरडायला जागा उरली नाही. मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"अक्का, चुकलीस," चिमी म्हणाली.

"कामून गं? आज तर बरोबर मोजायलाव की."

"तू राहिलीस."

पदरानं डोळे पुसत अक्का चिमीशेजारी ओळीत उभी राहिली. "मग तूच मोज."

चिमी पुढं आली, माझ्या सगळ्या गणितासमोर ताठ उभी राहिली आणि तिनं सुरुवात केली, "एक, दोन, चार..."

"तीन राहिलं!" सगळ्यांच्या आधी मीच ओरडले.