दाढ भरली तेव्हा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी माणिकपूरला दातांचा दवाखाना उघडला, तर लोक ताप-खोकला घेऊनच यायचे. "मी फक्त दातांची डॉक्टर," म्हटलं की हिरमुसायचे. मी त्यांना समोरच्या वयस्कर डॉक्टरांकडे पाठवायचे. गावाचे दुखरे दातही तेच उपटायचे.

एका सकाळी ते स्वतःच गाल धरून आले. "काढून टाक, पोरी."

मी दाढ तपासली. "काढायची गरज नाही, काका. कीड साफ करून भरते."

"वाचेल?" त्यांना खरंच वाटेना.

दाढ वाचली. पुढच्याच आठवड्यात पाचूबंदरची एक कोळीण आली. "डॉक्टर म्हनाले, दातांचं काम आता तुमच्याकडं." मी आनंदाने तिला खुर्चीत बसवलं.