ओलिसांशिवाय आत गेलेला राजा

रविवार, सहा एप्रिल. रक्कम एक लाख ब्याण्णव हजार: आमच्या ले-आउटमधली चौसष्ट घरं, घरटी तीन हजार. हजर: माझा मोठा भाऊ, खजिनदार म्हणून मी, आमच्याकडचे आणखी चौघे आणि शेजारच्या ले-आउटमधले एकोणीस जण.

पैसे पाइपलाइनसाठी होते. आमच्या दोन्ही बोअरवेल मार्चमध्येच आटल्या. शेजारच्यांची विहीर जुनी, खोल, त्यांनी स्वतःच्या खर्चाने खोदलेली. दोन्हीकडची मिळून एक सोसायटी करायची आणि पाणी वाटून घ्यायचं, असं ठरलं होतं. अध्यक्ष म्हणून दादा निवडून आला. घरं आमची जास्त, म्हणून मतंही आमचीच जास्त. आता शेजारच्यांच्या सभेची मान्यता तेवढी राहिली होती.

त्यांचा एक रिवाज आहे. वस्तीच्या कामासाठी बाहेरचं कोणी आलं, की ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी थांबतं. आतले दोघे येतात आणि पाहुण्याला सोबत घेऊन जातात. तसा निरोपही आला होता.

आदल्या दुपारी माझ्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती स्वीडनमध्ये इतिहास शिकते. दादा समोरच टरबूज खात बसला होता. तिथलं राज्य कसं तयार झालं, हे ती वाचत होती. मी विचारलं, "कोणत्या साली?"

"साल नाहीच बाबा. उत्तरेला स्वेआर लोक, दक्षिणेला योतार, मधे दाट जंगल. दोघांचा एक राजा व्हायला पिढ्या लागल्या. राजा स्वेआर निवडायचे. पण मग त्याला प्रांताप्रांतातून फिरावं लागे. सीमेवर तिथली माणसं ओलीस म्हणून सोबत घ्यायची, मग त्यांच्या सभेत जायचं. त्यांनी हो म्हटलं, तर तो तिथला राजा."

"निवडून आल्यावर परत काहून विचारायचं?" दादा म्हणाला.

"कारण निवडताना योतारांना विचारलंच नव्हतं, मोठे बाबा. ओलीस मागितले म्हणजे राजानं कबूल केलं, की इथं तुमचं चालते. एक राजा तसाच गेला, ओलीस न घेता. योतारांना मोजलंच नाही त्यानं."

"मग?"

"मारलं त्याला."

दादा हसला. "आपल्या इथं पोलीस स्टेशन आहे वं."

मी त्याला म्हटलं, दुकानापाशी पाच मिनिटं थांबायला काय जाते?

"तू हिशेब पाह. बाकी मले पाहू दे."

रविवारी दुकानापाशी दोन म्हातारे उभे होते, धुतलेल्या कपड्यांत. दादानं गाडी थांबवली नाही. मी मागच्या सीटवर होतो. मागं वळून पाहिलं तर ते हललेही नव्हते.

सभा त्यांच्या मैदानात होती. प्रत्येकानं आपापल्या घरून खुर्ची आणली होती. आमच्यासाठी सहा खुर्च्या वेगळ्या मांडल्या होत्या. कोणी पाणी विचारलं नाही. त्यांच्या अध्यक्ष, निवृत्त शिक्षिका, शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाले आत कोणी आणलं?"

"आणायले मी काय नवरदेव आहो?"

आमच्यातला एक जण हसला आणि लगेच थांबला.

"नवरदेवही वेशीवर थांबते, भाऊ," बाई म्हणाल्या. मग आपल्या लोकांकडे पाहून, "चला."

त्या उठल्या आणि स्वतःची खुर्ची घेऊन घराकडे निघाल्या. मागोमाग दुसरा, तिसरा. कोणी वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. दोन बाया आल्या आणि आम्ही उठायची वाट पाहत उभ्या राहिल्या, कारण आमच्या खुर्च्याही त्यांच्याच होत्या. ते दोन म्हातारे तेवढ्यात पायी पोहोचले. दादा त्यांच्याशी बोलायला गेला. ते त्याच्या बाजूनं पुढे निघून गेले.

मंगळवारी त्यांनी विहिरीच्या मोटारघराला कुलूप लावलं. दादानं दोनदा निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा तो स्वतः गेला, दुकानापाशी तासभर उन्हात उभा राहिला. आतून कोणी आलं नाही.

पाइपलाइन झाली नाही. पाऊस लागेपर्यंत एकशे छप्पन टँकर आले, बाराशे रुपयांचा एक. वर्गणीतून दिले एक लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे, टँकरवाल्याला.