अर्धी दाढी

दादानं गिऱ्हाइकाचा डावा गाल तासला, उजव्याला फेस लावला आणि मागच्या दारानं पळाला. आठवड्यातली ही तिसरी अर्धी दाढी. माझ्या खुर्चीवरचं काम सोडून तीही मीच पुरी केली. चिडणार नाही तर काय?

सलून आम्हा दोघा भावांचं. दादाचा हात इतका हलका, की माणसं खुर्चीतच पेंगायची. जिभेवर तर साखरच. टकलू मास्तरांना अकरा वर्षं केस उगवायचं तेल विकतोय. "लावून तर बघा, अपाय तर नाही ना!"

चार वर्षांपूर्वी त्याच्या आतड्याला सूज आली, सारखं संडासला पळावं लागायचं, रक्त पडू लागलं. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ते आटोक्यात आलं होतं. आता पुन्हा तेच, आणि गिऱ्हाइकं समोरच्या सलूनकडे वळू लागलेली. असंच चाललं तर दादाची खुर्ची कायमची रिकामी.

उपाय सांगणाऱ्यांची मात्र रीघ. पेपरवाला म्हणाला, ताज्या दह्यातले जिवाणू आतडं शांत करतात. शिंपीणकाकूंनी आंबवलेल्या कोबीची बरणी आणली. दादाला कुणाला नाही म्हणता येत नाही. आरशाखालच्या फळीवर वस्तऱ्यांना जागा उरली नाही!

शेवटी मीच त्याला दवाखान्यात ओढत नेलं.

"गोळ्या चालू आहेत ना?" बाईंनी विचारलं.

दादा छताकडे बघू लागला. "दोन महिने बंद आहेत. दह्यानं बरं वाटत होतं."

मी कपाळावर हात मारला.

"सोसत असेल तर दही खा," बाई म्हणाल्या. "काहींना बरं वाटतं त्यानं. पण ते गोळ्यांच्या जागी नाही. बरं वाटत असलं तरी गोळ्या घ्यायच्याच."

गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागणार होते. तिसऱ्या दिवशी मास्तर दाढीला आले, हातात बरणी.

"खाऊन तर बघ. अपाय तर नाही ना!"

दादाचा चेहरा उतरला. त्यानं बरणी बाजूला ठेवली. "मास्तर, त्या तेलानं केस येणार नाहीत. मला ठाऊक होतं."

"मलाही," मास्तर म्हणाले. "पण तू किती मायेनं सांगायचास."

दादा दाढीला लागला. डावा गाल झाला, उजव्याला फेस लागला आणि तो पोट धरून पळाला. मी चरफडत वस्तरा उचलला.

मास्तरांनी माझा हात अडवला. "तू तुझं काम कर. तो येईपर्यंत मी बसतो."

गालावरचा फेस वाळला, तरी ते उठले नाहीत.