मालकाची सही

सखाराममामांनी माझ्या टेबलावर ठेवलेला केसपेपर गुरांच्या दवाखान्यातला होता. प्राणी: नर. वय: चौऱ्याहत्तर. रंग: सावळा. तक्रार: पोटाचा कॅन्सर, नांदेडच्या डॉक्टरांनी हात टेकले. उपचार: शेवटची सुई.

डोंगरकडा गावातल्या गुरांच्या दवाखान्यात मामांनी मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून तीस वर्षं काढली होती. "जनावर खोटं बोलत न्हाई, म्हणून आमचं निदान बराबर येतं," असं ते माझ्या पेशंटांसमोर मला ऐकवायचे. पेशंट हसायचे, मग मलाही हसावं लागायचं.

"पाठ मोडलेल्या कुत्र्याला आमचे साहेब सुई द्यायचे, मी पाय धरायचो. लोक म्हणायचे, सुटलं बिचारं. मंग मला काहून न्हाई?"

"मामा, माणसाला दिली तर मी जेलात जाईन."

"म्हणून तर जनावराचा कागद आणला."

मी त्यांना बरंच सुनावलं. आज तुम्हाला हो म्हटलं, तर उद्या म्हातारी जड झालेल्या घरातलं कोणीही असा कागद घेऊन येईल, असंही म्हणालो.

"दुसऱ्याचं ऱ्हाऊ द्या. दुखून राहिलं ते माझं पोट हाय."

मग मी कागदात चूक काढली. मालकाच्या सहीची जागा कोरी होती.

दुसऱ्या दिवशी मामा बायकोलाच घेऊन आले. गंगामामींनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला.

"पन्नास वर्षं झाली लग्नाला, आन् मी मालक हाय हे आज कळून राहिलं," त्या म्हणाल्या. "मंग आता मालकाचं ऐका. आधी दुखणं थांबायची दवा घ्या." कागदाची घडी त्यांनी पिशवीत टाकली.

खटपट करून मी मॉर्फिनच्या गोळ्या मिळवल्या. दोन महिने मामा ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मालक सही देऊन न्हाई राहिला, म्हणून जिवंत हाव."

मग गोळ्याही पुरेनात. मी गेलो तेव्हा मामींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. या वेळी कागद नव्हता, थट्टा नव्हती.

"डॉक्टर, आता तरी."

मामी माझ्याकडे बघत होत्या. मी नाही म्हणालो. मामांनी माझ्या हातावर थोपटलं.

"बराबर हाय. तुमाला इथंच दवाखाना चालवायचाय."

त्यानंतर मामा दोन दिवस जगले. मी कायद्याने वागलो, हे कोणालाही पटवून देऊ शकतो. मामी रस्त्यात भेटल्या की मात्र त्या दोन दिवसांचा विषय निघू नये म्हणून मीच घाईने हवापाण्याचं बोलतो.