हौदकाका आणि दोन नळ

हौदकाका पाण्याचा पेला आधी उजेडात धरून पाहायचे आणि मगच तोंडाला लावायचे. लग्नाच्या पंगतीतही तेच. यजमान बिचारे कानकोंडे व्हायचे. बराकपूरकडे हुगळीचं, म्हणजे तिथल्या गंगेचं, पाणी मोठाल्या हौदांत शुद्ध करायचा कारखाना होता, तिथे ते इंजिनियर होते. भवानीपूरच्या आमच्या इमारतीत आम्ही मुलांनी त्यांचं हे नाव पाडलं होतं.

तेव्हा कलकत्त्यात घरोघर दोन नळ असत. एक काकांच्या कारखान्यातून येणाऱ्या पिण्याच्या पाण्याचा, दुसरा धुण्याभांड्यांसाठी, गढूळ गंगेचा. तळमजल्यावरच्या ठाकुमा, म्हणजे बंगाली आजी, प्यायलाही गंगाच भरायच्या. त्यांची नात खुकू दर उन्हाळ्यात पोटाने आजारी पडायची. आदल्या वर्षी तर जेमतेम वाचली. काकांनी तिचा घोरच घेतला होता.

एरवी गप्पिष्ट माणूस, पण समजावायला बसला की त्याचं पाठ्यपुस्तक व्हायचं. एका रविवारी अंगणात फळा टांगून त्यांनी तासभर जंतू, क्लोरीन आणि वाळूचे थर सांगितले. "गंगेत किडे?" म्हणत ठाकुमा उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"लोकांना विज्ञान नकोच आहे!" काका घरी येऊन करवादले.

काकू पोळ्या लाटत होत्या. "अहो, तुम्ही त्यांच्या गंगेला नावं ठेवलीत. त्यांचं काही विचारलंत का?"

काका ओशाळले. दुसऱ्या दिवशी ते ठाकुमांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले आणि पाणी कसं भरता, एवढंच विचारलं. ठाकुमा खुलल्या. घागरीत रात्रभर निवळू द्यायचं, वरचं तेवढं फडक्यातून गाळून घ्यायचं.

काका हरखून म्हणाले, "आम्ही हेच करतो, ठाकुमा! तुमची घागर, आमचा हौद. पाणी गंगेचंच. आमचं फडकं वाळूचं, आणि शेवटी थोडं औषध."

ठाकुमांचा विश्वास बसेना. मग काका त्यांना, खुकूला आणि मला सियालदाहून गाडीने कारखान्यात घेऊन गेले. नदीचं पाणी आत येताना पाहून ठाकुमांनी हौदाला नमस्कार केला आणि सगळ्या कामगारांसमोर काकांना फैलावर घेतलं. "ता आगे बोलोनि केनो? आधी का नाही सांगितलंस? माझी पोर मरता मरता वाचली!"

"चुकलं माझं," काका म्हणाले. साहेबाच्या तोंडून हे ऐकायची तिथे कुणाला सवय नव्हती.

ठाकुमा पिण्याच्या नळावर पाणी भरू लागल्या आणि त्या उन्हाळ्यात खुकूने अंथरूण धरलं नाही. कैऱ्या चोरताना सापडून मार मात्र खाल्ला.

काका निवृत्त होऊन पुण्याला निघाले तेव्हा आम्ही सगळे हावड्याला पोचवायला गेलो. ठाकुमांनी खुकूला पुढे ढकललं. "पाया पड. यांनी तुझा जीव वाचवला."

काकांनी चटकन पाय मागे घेतले. "माझ्या नको," म्हणाले, आणि पोरीचा हात धरून तिला काकूंसमोर नेऊन उभं केलं.